मुरूम संपला, आता थांबा

उन्हाळा सरत आला की नाल्यात पोकलेन उतरतं आणि निम्मं गाव काठावर जमतं. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपल्याकडे ते मशीनचंच नाव होऊन बसलं. गेल्या मे महिन्यात अशाच एका काठावर मीही उभा होतो. वीस टनी मशीन, बकेट साधारण घनमीटरभराची. तीन बकेटा भरल्या की ब्रासभर माल. वरचा गाळ लोण्यासारखा निघाला, मग पिवळसर मुरूम लागला. तासाभराने ऑपरेटरचा हात आखडला. इतका वेळ बकेटचे दात मुरमात खसखसत जात होते, ते आता करकरू लागले. इंजिनाचा आवाजही जड झाला. त्याने केबिनचं दार उघडून सांगितलं, "दादा, मुरूम संपत आला. खाली पाषाण लागतोय, इथंच थांबू." काठावरून उत्तर आलं, "घे रे अजून चार फूट, तासाचे पैसे देतोय ना." त्याने दार लावून घेतलं आणि बकेट खाली घातली.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या कातळावर वसला आहे. त्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात. विहिरींना पाझर फुटतात ते तिथेच. नाला या थराच्या आरपार खोदला की दोन्ही बाजूंच्या शिवारातलं पाणी त्यात निथळतं. पावसाळ्यानंतर नाला तुडुंब दिसतो, त्याचे फोटो निघतात. पण ते पाणी शेजारच्या विहिरींचंच असतं, आणि उघड्यावर आल्यामुळे ते उन्हाने उडून जातं.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल केले तेव्हा त्यामागे भूशास्त्राचा अभ्यास होता. तापीकाठी गाळाचे थर खूप खोल आहेत आणि पाणी अडवणारी वरची चिकण माती काढणं तिथे गरजेचं होतं. इतर गावांनी खोली तेवढी उचलली, अभ्यास मागेच राहिला. 2014 च्या डिसेंबरात राज्य सरकारची जलयुक्त शिवार योजना आली आणि गावोगाव मशीनं धडधडू लागली. अशास्त्रीय खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयातही गेले. गाळ काढण्याला माझा अजिबात विरोध नाही. धरणातला, तलावातला गाळ उचलून शेतात टाकणं हे यंत्राचं सोनं करणारं काम आहे. फावड्या-घमेल्याने जे काम गावाला दोन उन्हाळे पुरलं असतं, ते मशीन आठवड्यात उरकतं.

माझं भांडण हिशोबाच्या पद्धतीशी आहे. पैसे मोजायचे ते मशीनच्या तासांवर, नाहीतर ब्रासवर. जास्त खोदलं की मशीनमालकाला जास्त पैसे, कामाचा आकडाही मोठा. थांबल्याबद्दल कुणाला काहीच मिळत नाही. जमिनीचा थर बदलला हे सगळ्यांत आधी कळतं ऑपरेटरला. हेल्पर म्हणून डिझेल भरता भरता, ग्रीस मारता मारता शिकलेला हा माणूस लिव्हरच्या नुसत्या थरथरीवरून खालचा खडक ओळखतो. त्या नाल्यावर त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. त्याने थांबायला सांगितलं की तिथे खुंटी मारावी, माप लिहावं आणि त्या दिवसाचे ठरलेले तास त्याला पूर्ण धरून द्यावेत. कामाच्या करारात एवढं कलम घालायला कुठलं नवं खातं लागत नाही.

आणि खोली ठरवायला लांबही जावं लागत नाही. त्या नाल्यापासून पन्नास पावलांवर एक जुनी विहीर आहे. तिच्या भिंतीत सगळं उघडं दिसतं: वर हातभर काळी, खाली पिवळा मुरूम, त्याखाली पाषाण. कितव्या फुटाला पाषाण लागला ते विहिरीच्या मालकाला तोंडपाठ आहे. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही. जानेवारीत मी पुन्हा तिथे गेलो तेव्हा मुरमातला पाझर सुकून पांढरा पडला होता आणि मालक मोटार खाली सोडायला जादा पाइप जोडत होता.