गाडीत चढताना, गाडीतून उतरताना

सोमेश्वरनगरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर नीरा स्टेशन गाठावे लागते. म्हणून रेल्वेचे शब्द आपल्या मुलांच्या कानावर उशिरा पडतात.

आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे वसतिगृह. मागच्या पिढीतले कितीतरी जण बोर्डिंगातली भाकरी खाऊन शिकले. तिकिटावरचे ‘बोर्डिंग’ मात्र वेगळे. ते गाडीत चढण्याचे स्टेशन. शब्द एकच, ‘बोर्ड’. जेवणाच्या फळीवरून राहणे-जेवणे आले आणि जहाजाच्या कडेवरून चढणे.

आमच्या ओळखीचा एक मुलगा नोकरीच्या परीक्षेसाठी सिकंदराबादला निघाला. तिकीट पुण्याहून होते. दौंड जवळ पडते म्हणून तो दौंडला चढला. पुण्याला जागा रिकामी दिसली म्हणून ती दुसऱ्याला दिली गेली होती. बोर्डिंगचे स्टेशन आधी नोंद करून बदलून घ्यावे लागते, हे त्याला ठाऊक नव्हते. रात्रभर दाराशी बसून तो सकाळी परीक्षेला गेला. दोष कोणाचा नव्हता, एक शब्द नडला.

म्हणून एवढे शब्द घरात पाठ करा. गाडीत, बसमध्ये चढणे म्हणजे ‘गेट ऑन’, उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ’. मोटारीत, रिक्षात बसताना ‘गेट इन’, उतरताना ‘गेट आउट’. पण माणसाला नुसते ‘गेट आउट’ म्हटले तर तो अपमान होतो, हे ध्यानात ठेवा. पाटीवर उतरण्यासाठी ‘अलाइट’ असे लिहितात. गाडी मिळाली तर ‘कॉट’, चुकली तर ‘मिस्ड’. मध्येच गाडी बदलायची तर ‘चेंज’. आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. भारतात ते सर्वांना समजते, लाजू नका.

नीरेवरून जाणाऱ्या याच पुणे-मिरज मार्गावर पुढे मसूर स्टेशन लागते. 1901 च्या सुमारास लहानगे भीमराव भावाभाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि तिथे उतरले. नवे कपडे, हातात तिकीट. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच ते मागे सरले. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

तिकिटावर जात लिहिलेली नसते. तिथे दोनच प्रश्न असतात. कुठे चढलात? कुठे उतरणार? त्यांची उत्तरे आपल्या मुलामुलींनी मान वर करून, स्पष्ट शब्दांत द्यावीत.

आज रात्री जेवणानंतर एक जुने तिकीट काढा. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला ते मोठ्याने वाचू द्या आणि आजीलाही जवळ बसवा.