कोळंबीचा घोट

बेळगावात हल्ली घरच्या पार्टीला इवल्याशा काचेच्या ग्लासांतून मासळीचं काहीतरी प्यायला द्यायची हौस आली आहे. टोमॅटोचा रस, लिंबू, काठावर अडकवलेली कोळंबी. परदेशात अशा ग्लासात कच्चं कालव घालून एका दमात गिळतात. समुद्राकाठी ते चालत असेल. आपल्याकडे मासळी बर्फात बसून चोर्ला नाहीतर आंबोलीचा घाट चढून येते. एवढा प्रवास केलेलं कालव पाहुण्यांना कच्चं देऊ नये, हे माझं ठाम मत. त्यातले जंतू वासावरून कळत नाहीत. कोळंबी घ्या, शिजवा, आणि टोमॅटोऐवजी सोलकढी करा.

कल्पना परदेशी असली, तरी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावणारी माणसं आपण. तिखट-खारट काही पिणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

बेत बुधवार, शुक्रवार नाहीतर रविवारचा धरावा. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्म्या घरांत उपास असतो. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद, तेव्हा हा विषयच काढू नये. कोळंबी घेताना डोकं घट्ट आहे का बघा. ते लोंबत असेल, डोक्याशी काळं पडलं असेल, तर ‘सकाळीच आलीय की हो’ असं कितीही सांगितलं तरी पुढच्या पाटीकडे जा.

आता खरी गोष्ट. बहुतेक जण सोललेली टरफलं आणि डोकी टाकून देतात, आणि मग ग्लासात वर कोळंबी नि खाली नुसती सोलकढी, दोघींची ओळखच नाही. सगळी चव त्या टरफलांत असते. थेंबभर तेलावर ती लालसर होईपर्यंत परता, चार मिरी, आल्याचा तुकडा आणि दोन वाट्या पाणी घालून वीस मिनिटं उकळा, डोकी पळीने दाबून रस काढा आणि गाळा. हे पाणी पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच सोलकढीत ओतलं तर आमसुलाच्या आंबटपणाने नारळाचं दूध फुटतं. सोलकढीसाठी एका नारळाचं दाट दूध, भिजवून कुस्करलेली दहा-बारा आमसुलं, लसणाच्या तीन पाकळ्या, एक हिरवी मिरची, मीठ. त्यात हे पाणी अर्धी वाटी. चाखून बघा, मग हवं तर वाढवा. कोळंबीतला काळा दोरा काढून ती उकळत्या मिठाच्या पाण्यात दोनच मिनिटं ठेवायची. अंग वळलं, रंग चढला की लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त शिजली की चिवट होते.

थंडीत टरफलांच्या याच पाण्याचा गरम घोट द्यावा. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी मिरची, थोडं भाजलेलं खोबरं, अगदी पातळ. संकेश्वर आपल्याच भागातलं गाव, तिथली मिरची सोडून बाटलीतला परदेशी तिखट सॉस कशाला आणायचा? नारळाचं दूध मात्र यात नको.

पाहुण्यांत शाकाहारी असणारच. त्यांच्या सोलकढीचं भांडं, गाळणी आणि ट्रे आधीपासून वेगळा ठेवा, आणि त्यांना ते आपणहून सांगा. विचारायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नका. टरफलांचं पाणी उरलं तर दुसऱ्या दिवशी भात त्यातच शिजवावा.