बदलीचा हुकूम आणि शाळेचे दार

आमच्या एका पुतण्याची गेल्या हिवाळ्यात नागपुराहून पुण्यास बदली झाली. बँकेची नोकरी, हुकूम आला की बिऱ्हाड उचलावयाचे, हे तीत गृहीतच असते. घर पंधरा दिवसांत मिळाले, गॅस चार दिवसांत आला, दूधवाला तर दुसऱ्याच सकाळी दारात उभा. अडले ते एकाच ठिकाणी. तिसरीतल्या मुलीस शाळा मिळेना. अर्थात हे म्हणणेही सर्वस्वी खरे नव्हे. घरापासून हाकेच्या अंतरावर एक अनुदानित मराठी शाळा आहे व तेथील मुख्याध्यापिकाबाई ‘उद्यापासून पाठवा’ म्हणून सांगत होत्या. मिळेना ती ‘ती’ शाळा, जिचे नाव काढताच शेजारपाजारच्या मंडळींचा आवाज आदराने खाली येतो.

‘त्या’ शाळेने प्रथम जागा नाही म्हणून सांगितले; मागाहून, एखादी रिकामी होण्याचा संभव आहे, तरी अर्ज भरून ठेवावा, अर्जाचे पैसे परत मिळणार नाहीत. पुढे मुलीस ‘सहज गप्पा मारावयास’ बोलाविले. त्या सहज गप्पांत तिला इंग्रजीतून पाढे विचारले, स्पेलिंगे विचारली आणि घरी कोणती भाषा बोलता हेही विचारले. पोर बिचारी मराठीत उत्तरली. आठवड्याने नकार आला. त्या रात्री तिने आईस विचारले, “माझं काय चुकलं?” या प्रश्नाला तिच्या आईपाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहावयास बसलो आहो.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. प्रवेश देताना मुलाची अथवा त्याच्या आईबापांची चाळणी लावता कामा नये, असे त्याचे 13 वे कलम स्वच्छ सांगते. पहिल्या अपराधास 25,000 रुपयांपर्यंत व पुढील प्रत्येकास 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. ज्या शाळेची वर्षाची फीच लाखाच्या घरात आहे, तिला हा दंड म्हणजे पानसुपारीचा खर्च! शिवाय गप्पांना चाळणी म्हणावयाचे कोणी व तक्रार करावयाची कोणी? ज्याला त्याच दारातून मुलास आत पाठवावयाचे आहे, तो त्या दारावर फिर्याद लावील काय?

याच कायद्याचे 5 वे कलम त्याहून बोलके आहे. मुलास गाव बदलावे लागले तर दुसऱ्या शाळेत जाण्याचा त्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला, एवढ्या कारणाने प्रवेश अडविता येत नाही. परंतु या हक्कातून विनाअनुदानित शाळा वगळल्या आहेत. म्हणजे बदली झालेल्या बापाच्या मुलीने जावे कोठे, हे कायद्याने सांगितले आहे, आणि ती शाळा पुतण्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरच उभी होती.

‘खासगी शाळा आहे, तिची मर्जी’ असे यावर म्हणतील. पुण्यास तरी हे शब्द शोभत नाहीत. 1880 साली निघालेले न्यू इंग्लिश स्कूलही खासगीच होते. पण त्या संस्थाचालकांची मर्जी तुटपुंज्या वेतनावर वीसवीस वर्षे राबण्याची होती. (त्याही वर्गांत कोणास बसावयास मिळे व कोण बाहेर राही, हा निराळा व लाजिरवाणा हिशेब आहे, तो ज्यांना आधी कळला त्या जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 सालीच भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती.) खासगी या शब्दाचा अर्थ तेव्हा सरकारच्या दाराशी न जाता लोकांसाठी काढलेली, असा होता. आज तो, लोकांना दाराशी उभे करणारी, असा झाला आहे.

मात्र शाळाचालकांना दोष देऊन आम्ही सुटू पाहिले तर तो लबाडपणा होईल. ही मागणी कोणाची? आमच्याच वर्गाची. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर दुर्बल व वंचित मुलांसाठी 25 टक्के जागा देण्याचे बंधन राहणार नाही, असे ठरविले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. या मधल्या महिन्यांत आमच्या बैठकींतून त्याविषयी किती बोलणे झाले? आमच्या कानांवर तरी एक शब्द आला नाही. गरिबाच्या मुलास जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे, हे आम्हांस सहज पटते. मग आमच्या पुतण्याच्या मुलीस ती का पुरू नये?

आणि आम्ही तरी कोण? पंचवीस वर्षांपूर्वी बाहेरगावच्या महाविद्यालयातून येथे आलो, तेव्हा चिरंजीवांसाठी एका विश्वस्तांच्या घरी आंब्याची पेटी घेऊन गेलो होतो. सौभाग्यवतींनी तेव्हाच विचारले होते, “वर्गात मुलांना आगरकर शिकवता ना?” आम्ही पेटीची दोरी आवळीत होतो, ऐकू आले नाही असे दाखविले. प्रवेश मिळाला. कोणाची जागा गेली, हे आम्ही कधी विचारले नाही.

मुलगी तूर्त त्या जवळच्या मराठी शाळेत जाते. दोन मैत्रिणी झाल्या आहेत, पाढे तीसपर्यंत येतात. पुतण्याने मात्र जूनसाठी ‘त्या’ शाळेचा अर्ज पुन्हा भरला आहे आणि तिच्या कार्यकारिणीवर आमचे एक जुने विद्यार्थी आहेत, हे त्यास कोठून तरी कळले आहे. शिफारशीचे पत्र त्याने मागितल्यास तीन आठवडे झाले. ते आम्ही अद्याप लिहिलेले नाही. आणि लिहिणार नाही, असेही त्यास अद्याप सांगितलेले नाही.