खलनायकाचं बालपण आता पुरे

हल्ली कुठलाही खलनायक घ्या, दहा पानांत त्याचं बालपण सुरू होतं. बाप मारकुटा, आई आजारी, शाळेत टवाळी. मग त्याने शहर पेटवलं की आपण हळहळतो आणि म्हणतो, काय खोल पात्र आहे! माझं म्हणणं सरळ आहे: दुःखाच्या कहाणीने खलनायक खोल होत नाही, नुसता केविलवाणा होतो.

‘मग मॅग्नेटोचं काय?’ असं कुणीतरी विचारणारच. १९६३मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात आलेला मॅग्नेटो बरीच वर्षं नुसता डरकाळ्या फोडायचा. १९८१मध्ये, १५०व्या अंकात, लेखक ख्रिस क्लेरमाँटने त्याला आउश्वित्झचा भूतकाळ दिला. पण कीव यावी म्हणून नाही. झेवियर म्हणतो, माणसं आपल्याला स्वीकारतील. मॅग्नेटो म्हणतो, माणसं काय करतात ते मी पाहिलंय. यावर झेवियरच काय, वाचकही अडखळतो. त्याच अंकात कोवळ्या किटी प्राइडवर वार केल्यावर मॅग्नेटो स्वतःच हादरतो. तिथे भूतकाळ त्याची सबब होत नाही, त्याच्यावरचं आरोपपत्र होतो.

‘द किलिंग जोक’मध्ये (१९८८) ॲलन मूर जोकरला भूतकाळ देतो आणि जोकरच्याच तोंडून त्यावर शंका घेतो. उरतो तो जोकरचा दावा: एक वाईट दिवस कुणालाही वेडं करू शकतो. तो सिद्ध करायला जोकर कमिशनर गॉर्डनचा छळ करतो. गॉर्डन मोडत नाही. तरी आपल्या गप्पा रंगतात जोकरच्या वाईट दिवसावर. त्याच पुस्तकात गोळी लागून अपंग झालेल्या बार्बरा गॉर्डनच्या दिवसावर किती बोलतो आपण?

संकट जितकं मोठं तितका थरार, हाही भ्रमच. पृथ्वी वाचणार हे आपल्याला ठाऊक असतं. पुढच्या महिन्याचा अंक विकायचा असतो ना! १९६६मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’मध्ये ग्रह गिळणारा गॅलॅक्टस आला, तेव्हाही ताण त्याच्या आकाराचा नव्हता. त्याचा दूत सिल्व्हर सर्फर धन्याविरुद्ध उभा राहील का, याचा होता.

म्हणून खलनायकाला ‘तुझ्यावर काय बेतलं?’ एवढंच विचारणं थांबवू या. त्यावर दोन अश्रू पुरतात आणि अंगठा पुढच्या रीलकडे सरकतो. ‘तुझं म्हणणं काय, आणि ते खरं असेल तर आम्ही कसं वागायचं?’ हे विचारा. त्याचं उत्तर मात्र आपल्यालाच द्यावं लागतं.