रोबोच्या पोटातला सेल



दिवाळी सरली की खेळण्यांच्या दुकानांतील गर्दी ओसरते आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांपैकी काही खेळणी आमच्या दवाखान्यांत हजर होतात. अर्थात मालकांसह. कुणाच्या नाकात मणी, कुणाच्या डोळ्यावर उडालेली स्प्रिंग, कुणाच्या बोटाला सोल्डरिंगचा चटका. अलीकडे या हजेरीत रोबोंची भर पडली आहे. रिमोटचे बटण दाबताच चालणारे, वळणारे, दिवे मिचकावीत गाणी म्हणणारे तयार रोबो एका बाजूला. आणि मोटारी, चाके, तारा, सेलची पेटी व मूठभर स्क्रू एका खोक्यात घालून ‘तुमचे तुम्ही जोडा’ म्हणणारे संच दुसऱ्या बाजूला. "डॉक्टर, नातवासाठी यांतले काय घेऊ?" असे रक्तदाब तपासायला आलेले आजोबाही विचारतात. उत्तर देतेच, पण त्याआधी एक प्रसंग सांगणे मला भाग आहे, कारण त्यात चूक माझीही होती.

चार वर्षांपूर्वीच्या थंडीतील ती संध्याकाळ. दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन आई आली. किंचित ताप, खोकला आणि तोंडातून सतत गळणारी लाळ. दाढा येण्याचे वय, त्यात घरोघरी सर्दीची साथ. मी घसा पाहिला, छाती तपासली, औषध लिहून दिले. दुसऱ्या दिवशी ती परत आली. "दूध पितो हो, पण भाताचे शीत तोंडात घातले की थुंकून टाकतो." हे ऐकताच मी हातातील पेन खाली ठेवले. पातळ उतरते आणि घट्ट अडते, तेव्हा वाटेत काहीतरी आहे अशी शंका घ्यावीच लागते. घरात अलीकडे नवे काय आले, असे मी विचारले. "थोरल्याच्या वाढदिवसाचा रोबो," ती म्हणाली. एक्स-रेमध्ये गळ्याच्या तळाशी एक पांढरी गोल चकती दिसली. प्रथमदर्शनी नाणे वाटावे अशी. पण कडेच्या आत आणखी एक वर्तुळ होते. नाण्याला असे दुहेरी वलय नसते, बटण सेलला असते.

शहरातील मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री दुर्बिणीतून सेल काढला गेला. तोवर तो अन्ननलिकेत तीस तासांहून अधिक काळ रुतून होता. मूल वाचले. मात्र भाजलेली जागा भरून येताना अन्ननलिका आखडली आणि ती रुंद करण्यासाठी वर्षभरात त्या एवढ्याशा जिवाला तीनदा भूल द्यावी लागली. पहिल्या संध्याकाळी मी तो एक प्रश्न विचारला असता, तर यातील बरेचसे टळले असते.

सेल गिळला तर तो फुटून आतले रसायन सांडते आणि म्हणून इजा होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सेल अखंड राहूनही जाळतो. रिमोटमध्ये वारंवार आढळणारा सीआर २०३२ हा सेल घ्या. या आकड्यातच त्याचे माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. आणि दाब ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. दोन्ही बाजूंना ओलसर त्वचा टेकली की तिच्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा जहाल क्षार तयार होतो. अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणे सुरू होऊ शकते. रोबो हलेनासा झाला म्हणून काढून ठेवलेला ‘संपलेला’ सेलही निरुपद्रवी नसतो. मोटार फिरवण्याइतका जोर त्यात नसेल, पण मांस जाळण्याइतका असतो. शिवाय सेल काढल्यानंतरही भाजलेला भाग काही दिवस आत खोल जात राहतो. नाकात किंवा कानात घातलेला सेलही असाच घात करतो.

म्हणून आपल्याकडील एक जुनी सवय येथे मोडावी लागेल. मुलाने नाणे गिळले की केळे चारायचे आणि दोन दिवस शौचावर नजर ठेवायची, ही रीत घराघरांत आहे. बटण सेलच्या बाबतीत ती जीवघेणी ठरू शकते. केळे, पोळी, काहीही चारू नका. घशात बोटे घालून उलटी करवू नका. ‘गिळला असेल का?’ एवढी शंकाही एक्स-रेसाठी पुरेशी आहे. दूरचे गाव असेल तर १०८ क्रमांकाला फोन करा, आणि एक्स-रे व दुर्बिणीची सोय असेल अशाच रुग्णालयात जा. मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास उलटलेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर सेल आणि त्वचा यांच्यामध्ये काही काळ आडोसा करतो. परंतु मध शोधण्यात पाच मिनिटेही दवडू नयेत, आणि एका वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. सेलचे वेष्टन किंवा तसाच दुसरा सेल सापडला, तर तो सोबत घ्या.

खेळण्यातील बटण सेलच्या कप्प्याला बारीक स्क्रू असतो, तो एवढ्याचसाठी. भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. खरेदी करताना खोके उलटून ते चिन्ह पाहावे. पण घरातील वजनकाटा, भिंतीवरच्या दिव्याचा रिमोट, वाजणारे शुभेच्छापत्र यांतही हेच सेल असतात. अमेरिकेत अशाच एका रिमोटमधील सेलने तान्ही मुलगी दगावल्यानंतर २०२२ साली तिच्या नावाने कायदा झाला, आणि खेळणी नसलेल्या वस्तूंनाही सुरक्षित कप्पा सक्तीचा ठरला.

आता थोरल्याविषयी. तो तेव्हा चौथीत होता. रिमोटमध्ये आत काय आहे हे पाहण्यासाठी त्याने वडिलांच्या पेचकसाने स्क्रू काढला, सेल घरंगळत सोफ्याखाली गेला, आणि रांगत्या भावाला तो सापडला. रुग्णालयातून परतल्यावर वडिलांनी सगळी खेळणी माळ्यावर टाकली, पेचकस कपाटात बंद केला. आजी एकदाच म्हणाली, "तुझ्यामुळे झाले." मुलगा बोलेनासा झाला, अंथरूण ओले करू लागला. वडील मला झोप येण्याचे औषध विचारायला आले होते, स्वतःसाठी! मी त्यांना म्हणाले, पेचकस आधी कपाटातून काढा. नऊ वर्षांचे मूल बंद वस्तू उघडून पाहते ही त्याच्या बुद्धीची खूण आहे. सेल किती, कुठे आणि कुणाच्या हाती, हा हिशेब ठेवणे त्याचे काम नव्हते. तो हिशेब मोठ्यांचा.

त्यामुळेच, काय घ्यावे या प्रश्नाला माझे उत्तर ठाम आहे: जोडायचा संच. तयार रोबो हुकूम पाळतो. मुलाला त्याचे चारही हुकूम आठवड्यात पाठ होतात, मग तो कोपऱ्यात पडतो. जोडायचा संच मात्र पहिल्या दिवशी बहुधा चालतच नाही, आणि खरा खेळ तेथून सुरू होतो. तार उलटी लागली, चाक मागे फिरले, का फिरले? सीमोर पेपर्ट या गणितज्ञाने जमिनीवर रेषा काढत फिरणारे यांत्रिक कासव मुलांच्या हाती देऊन हेच सांगितले होते, की मूल स्वतःची चूक शोधत शिकते. त्याच्या १९८०च्या पुस्तकाचे नाव पुढे १९९८मध्ये लेगोने आपल्या रोबो संचाला दिले. आपल्याकडेही २०१६पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या आहेत.

मात्र पहिला संच घ्याल तो पेन्सिल सेलवर चालणारा आणि स्क्रूने जोडायचा असावा. सोल्डरिंग उशिरा, आणि शेजारी मोठे माणूस बसलेले असतानाच. त्या टोकाचे तापमान तीनशे अंशांच्या पुढे असते, नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. खिडकी उघडी हवी. दम्याच्या मुलाला तो धूर सोसत नाही. चार्ज होणारे लिथियम सेल रात्रभर किंवा गादीवर चार्जिंगला लावू नयेत, फुगलेला सेल पुन्हा वापरू नये. संचात बारीक, जोरदार चुंबके असतील आणि घरात लहान मूल असेल, तर तो संच दुकानातच राहू द्या: पोटात गेलेली दोन चुंबके आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटीत धरून भोक पाडतात. काढलेल्या प्रत्येक सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावा.

गेल्या महिन्यात ती दोन्ही मुले आली होती. थोरला आता आठवीत आहे. शाळेत त्याने दोन मोटारींची गाडी केली आहे, पण सरळ जाण्याऐवजी ती सारखी डावीकडे ओढते. "डावी मोटार जरा मंद आहे," तो आमच्या कंपाउंडरला समजावून सांगत होता. धाकटा शेजारच्या बाकावर बसून तूप-साखरेच्या पोळीची गुंडाळी खात होता. सावकाश, चावून चावून.