कारभाऱ्यांवांचून कारभार

परभणीहून जिंतूरच्या वाटेनें निघालें म्हणजे झरी हें गांव लागतें. तेथील एखाद्या गृहस्थास 2022 च्या मार्चनंतर शाळेच्या गळक्या छपराविषयीं दाद मागावयाची असती, तर त्यानें कोणाच्या दारीं जावयाचें होतें? ग्रामपंचायत आपल्या जागीं होती. आमदार, खासदार होते. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळा, दवाखाने आणि रस्ते ह्यांविषयीं भरसभेंत उभा राहून जाब विचारणारा त्याचा सभासदच उरला नव्हता. 2017 सालीं निवडून आलेल्या परिषदेची मुदत संपली आणि तिचे मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. जाब देणारा आणि जाब घेणारा एकाच खुर्चींत बसला. अशीं जवळजवळ चार वर्षें गेलीं. फेब्रुवारी 2026 मध्यें परभणीसह बारा जिल्हा परिषदांसाठीं मतदान झालें, तेव्हां कोठें ही स्थिति पालटली.

कायदा अपुरा होता म्हणून हें घडलें, असें म्हणावें तर कायद्याचे शब्द अगदीं स्वच्छ आहेत. 1993 सालीं अंमलांत आलेल्या घटनादुरुस्तीनें पंचायतींची मुदत पांच वर्षें ठरविली आणि ती संपण्यापूर्वींच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असें सांगून ठेवलें. मात्र ती न झाली तर काय करावें, ह्याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. आमच्या मतें सारें पाणी मुरलें तें येथेंच.

आतां घटनाक्रम पाहावा. 4 मार्च 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, इतर मागासवर्गीयांस स्थानिक संस्थांत जागा राखावयाच्या तर आधीं आयोग नेमून त्यांच्या मागासलेपणाची माहिती गोळा करा, संस्थेगणिक प्रमाण ठरवा, आणि एकंदर आरक्षण निम्म्याच्या पुढें जाऊं देऊं नका. माहिती तर कोणापाशींच नव्हती. केंद्र म्हणे राज्यानें गोळा करावी, राज्य म्हणे केंद्रानें आपल्याजवळची द्यावी. ह्या आरक्षणावांचून निवडणूक नको, ह्यावर सर्व पक्षांचें एकमत होतें. आणि आमच्या राजकारणांत असें एकमत झालें कीं काम हटकून अडतें! मार्च 2022 मध्यें विधिमंडळानें गट व प्रभाग आंखण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारच्या हातीं दिला. जूनअखेर सरकार बदललें. आधींच्या सरकारनें वाढविलेली सभासदसंख्या नव्या सरकारनें पुन्हां कमी केली, आणि तोहि वाद न्यायालयांत गेला. जुलैमध्यें बांठिया आयोगाचा अहवाल न्यायालयानें स्वीकारला, तोंच ऑगस्टमध्यें ‘जैसे थे’चा हुकूम झाला. त्यानंतर तारखांवर तारखा पडत गेल्या. 6 मे 2025 रोजीं न्यायालयानें अखेर निवडणुकांचा मार्ग मोकळा केला, तरी त्यापुढेंहि मुदत वाढवून घ्यावी लागलीच.

ह्या हकीकतींत कोणा एकाचा लबाडपणा शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. प्रत्येकापाशीं आपलें कारण होतें, आणि बहुतेक कारणें खरींहि होतीं. मागासलेल्या समाजाला प्रतिनिधित्व हवें हें खरें, आंकड्यांवांचून आरक्षण टिकत नाहीं हेंहि खरें. परंतु विलंबाचा तोटा कोणाहि सत्ताधाऱ्यास सोसावा लागला नाहीं, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. प्रशासक मंत्रालयाकडे पाहतो. मंत्रालयांत कोणत्याहि पक्षाचे लोक बसोत, त्यांस तें गैरसोयीचें थोडेंच वाटणार?

येथें आम्हां सुशिक्षितांच्या घरांतील एक बोलणें सांगितलें पाहिजे. ‘‘प्रशासकच बरा! शिकलेला असतो, सभेंत आरडाओरड नाहीं, टक्केवारी नाहीं,’’ असें माजघरापासून ओसरीपर्यंत पुष्कळदां ऐकूं येतें. त्यांत तथ्यांश नाहीं असें नाहीं. सभासदांच्या कर्तृत्वाचे मासले आपण सर्वांनींच पाहिले आहेत. पण ज्यांचीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत जात नाहींत आणि ज्यांची बाळंतीण सरकारी दवाखान्यांत जात नाहीं, त्यांनीं हें बोलावें ह्यांत विशेष तें काय? पूर्वीं जहागिरीचा वारस अज्ञान असला म्हणजे तिच्यावर कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा अंमल बसे. हिशेब चोख राहत, नोकरांचे पगार वेळेवर होत. परंतु वारस वयांत आला कीं तो अंमल उठे. येथें तर लाखो सज्ञान वारस मतदारयादींत नांव असून वर्षानुवर्षें तिष्ठत बसले.

मराठवाड्याला अशा तिष्ठण्याची ओळख जुनी आहे. झरी निजामाच्या राज्यांत होती. त्या राज्यांत जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन 1937 सालीं परतूरला, म्हणजे तेव्हांच्या परभणी जिल्ह्यांतच, भरलें होतें. त्याच वर्षीं निजाम सरकारनें सुधारणांसाठीं अय्यंगार समिति नेमली. 1939 सालीं योजना जाहीर झाली आणि पुढें वर्षानुवर्षें ती कागदावर राहिली. तेव्हांहि कारणें होतींच. 17 सप्टेंबर 1948 नंतर तें राज्य गेलें, आणि 1 मे 1962 रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. वसंतराव नाईकांच्या समितीनें जिल्हा हा स्वराज्याचा कणा मानला होता, म्हणून त्या राज्यापुढें मराठवाड्याला ही नवी व्यवस्था फार मोठी वाटली असल्यास नवल नाहीं.

सुधारणा काय करावी? फार मोठी नको. गटांची आंखणी निवडणूक आयोगाकडे परत द्यावी आणि मुदतीपूर्वीं अमुक महिन्यांत ती झाली नाहीं तर जुनेच गट कायम धरून मतदान घ्यावें, असें कायद्यांतच लिहावें. प्रशासकाची मुदत सहा महिन्यांपुढें जाऊं नये. परिषद बरखास्त झाल्यास सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी असें घटना सांगतेच, मग मुदत संपलेल्या परिषदेसच वेगळा न्याय कां? ह्याला विरोध होईल तो सत्तेवर असणाऱ्यांचा, आणि आज विरोधांत असलेले उद्यां सत्तेवर आल्यावर त्यांचाहि.

आंकड्यांचा प्रश्न मात्र लवकर सुटण्यासारखा आहे. पुढील जनगणनेंत जातवार मोजणी करण्याचें केंद्र सरकारनें 30 एप्रिल 2025 रोजीं ठरविलें आहे. ते आंकडे हातीं येतील तेव्हां गट पुन्हां आंखावे लागतील, जागा पुन्हां राखाव्या लागतील, आणि तक्रारीहि पुन्हां न्यायालयांत जातील. फेब्रुवारी 2026 मध्यें निवडून आलेल्या परिषदेची मुदत 2031 च्या सुमारास संपेल. हें काम 2029 सालींच हातीं घेतलें, तर न्यायालयास पुरेसा अवधि मिळून झरीच्या मतदारास वेळेवर मत देतां येईल.