निवळशंख पाण्याचा हिशेब

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळले की त्यात तुरटी फिरवावी, अथवा निवळीची बी उगाळून टाकावी आणि मग ते वस्त्रगाळ करून घ्यावे, ही आपल्या घराघरांतील जुनी रीत. या रीतीबरोबर एक समजूतही आपल्या मनात घट्ट बसली आहे : डोळ्यांना स्वच्छ दिसते ते पाणी निर्मळ. घरात प्रवाळांचे सागरी मत्स्यालय मांडू पाहणाऱ्यांना ही समजूत फार महाग पडते. ही हौस आता इंदूर, हैदराबाद यांसारख्या, समुद्र दूर असलेल्या शहरांतही पोहोचली आहे. आणि मुलांनी दुकानातून आणलेली उपकरणांची यादी पाहून वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात. त्या यादीचा आज थोडा विचार करू.

टाकीतील समुद्रजल तीन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार तरंगत्या कणांचा : उरलेले खाद्य, विष्ठा, गाळ. दुसरा विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा. त्यांनी पाण्यावर हळूहळू पिवळसर झाक चढते. तिसरा सर्वांत फसवा. नायट्रेट व फॉस्फेट कितीही साठले तरी पाणी आरशासारखे दिसत राहते; शेवाळ माजून प्रवाळे कोमेजू लागतात, तेव्हा कुठे त्यांचा पत्ता लागतो. उलट, कच्छच्या आखातातील पाणी गाळाने गढूळ असते, तरी तेथे प्रवाळे जगतात. तेव्हा दोष ओळखावा आणि मगच त्यावरचे उपकरण घ्यावे, हे पहिले सूत्र.

खर्चाचा पहिला मान पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्राला द्यावा. नळाच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात मीठ कालवल्याने समुद्र होत नाही. त्या पाण्यातील नको ते क्षारही टाकीत येतात. स्वयंपाकघरातील यंत्र या कामी चालत नाही, कारण अशा अनेक यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळले जातात. काहींत तर तांबेही मुद्दाम घालतात, आणि तांबे हे प्रवाळांना व कोळंबीसारख्या जिवांना विषच होय. आर.ओ.च्या पुढे रेझिनची नळी जोडून टी.डी.एस. मापकावर शून्य आकडा आला, म्हणजे ते पाणी मीठ कालवण्यास योग्य झाले.

दुसरा मान प्रोटीन स्किमरचा. गुऱ्हाळात उसाचा रस उकळू लागला की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. हे यंत्र तेच काम विस्तवावाचून करते. पंप पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो. सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाणी टाळते. म्हणून ते बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस होऊन वरच्या पेल्यात साचतात. मोठा लाभ असा की, घाण कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर पडते. गाळणीत अडकलेली घाण मात्र पाण्यातच कुजत राहते.

स्किमर निवडताना वेष्टनावरील लिटरांच्या आकड्याला भुलू नये. तो बहुधा विरळ वस्ती गृहीत धरून दिलेला असतो. मासे अधिक असतील तर सुमारे दीडपट क्षमतेचा घ्यावा. अतिमोठाही नको, कारण घाण अपुरी पडल्यास फेस नळीतून वर चढतच नाही. पेला सहज निघतो ना, हे पाहावे. तो वरचेवर धुवावा लागतो. यंत्र दुकानात चालवून त्याचा आवाजही ऐकावा. ते रात्रंदिवस चालणार असते, आणि त्याच खोलीत कोणी अभ्यासाला बसणार असते.

बाकीची उपकरणे दुय्यम होत. तरंगत्या कणांसाठी कापडी पिशवी पुरते. मात्र ती दोन-तीन दिवसांनी धुतलीच पाहिजे. पिवळी झाक क्रियाशील कोळसा घालवतो; तो महिन्याकाठी बदलावा आणि आरंभी थोडाच घालावा, कारण पाणी एकाएकी निवळले तर वाढलेल्या प्रकाशाने प्रवाळे होरपळतात. अतिनील दिवा केवळ त्याच्यापुढून वाहणाऱ्या सूक्ष्म जिवांना मारतो. दगडावरील शेवाळावर त्याचा काही उपाय चालत नाही. नवी टाकी पहिल्या काही आठवड्यांत दुधाळ दिसली, तर तो बहुधा जीवाणूंचा बहर असतो व आपोआप ओसरतो. त्यासाठी काही विकत घेऊ नये.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. पंप थांबला की वरचे काही पाणी खालच्या टाकीत उतरते. तेवढी जागा तेथे मोकळी हवी. बॅटरीवर चालणारा लहानसा हवेचा पंप तर जीव वाचवतो.

आणखी एक गोष्ट यादीत नसते, पण ती यंत्रांहून महत्त्वाची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळे आणि समुद्रघोडे घालण्यात आले. आपल्या किनाऱ्यावरून काढलेला तुकडा कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो घेणे हा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या जिवांचीही कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर रिकाम्या हाती परतावे.

शेवटी, सर्वांत स्वस्त उपकरण आपल्याच हाती आहे : मासे थोडे, खाद्य मोजके आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलण्याची शिस्त. एवढे ज्या घरी साधणार नाही, त्या घरी कोणतेही यंत्र आणू नये. मुकी जनावरे तर नकोच नको.